गॅजेटवेड्याला दिवाळीत काय द्यावे?

गॅजेटची आवड असलेल्या माणसासाठी भेट निवडणे अवघड असते, आणि त्याचे कारण पैशात नसते. नवा फोन, नवे घड्याळ, नवे इअरबड दुकानात येण्याआधीच त्याने त्यांची माहिती वाचलेली असते आणि चार व्हिडिओ पाहिलेले असतात. परवडत असेल तर वस्तू घेऊनही झालेली असते. परवडत नसेल तर कोणत्या सेलमध्ये घ्यायची हे ठरलेले असते. अशा माणसासाठी दुसऱ्याने आपल्या मनाने आणलेली वस्तू एक तर त्याच्याकडे आधीच असते, नाहीतर नेमकी त्याला नको असलेल्या मॉडेलची निघते. म्हणून बाजारात नवे काय आले याची चौकशी करण्यापेक्षा त्याच्याकडे आज काय आहे आणि ते कुठे अडते, हे पाहणे फायद्याचे. मुख्य यंत्र तो स्वतः निवडतो. त्या यंत्राला लागणारी वीज, केबल, साठवण, नेटवर्क यांच्याकडे मात्र त्याचेही दुर्लक्ष झालेले असते, आणि चांगली भेट बहुतेक वेळा तिथेच सापडते.

सदलगा हे बेळगाव जिल्ह्याच्या चिक्कोडी तालुक्यातले दूधगंगाकाठचे गाव या बाबतीत पाहण्यासारखे आहे. कोल्हापूर जिल्ह्याची हद्द हाकेच्या अंतरावर. निपाणी, चिक्कोडी, इचलकरंजी आणि कोल्हापूर या चारही बाजारपेठा सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याच्या टप्प्यात. सीमेमुळे भेटींचा हंगामही दुहेरी झाला आहे. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुटी दसऱ्याला असते, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीला. सदलग्यातल्या मुलाला जोडाजोडीचा किट द्यायचा तर तो दसऱ्याआधी हातात पडलेला बरा. इचलकरंजीतल्या त्याच्या मामेभावाला तोच किट दिवाळीत दिला तरी चालतो. मोठ्यांच्या भेटी मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना पाडवा आणि भाऊबीज या दोन दिवसांवरच येऊन ठेपतात.

नव्या यंत्राचे वेड या भागाला नवे नाही. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. ते स्वतः मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. तिथून ते सायकली पाठवायचे आणि बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकायचे. सायकल हे त्या काळातले सर्वांत नवे, महाग आणि बहुतेकांनी कधी हात न लावलेले यंत्र होते. त्यामुळे रामूअण्णा गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवायचे, आणि दुरुस्तीची सोय दुकानातच होती. विक्री, शिकवणी आणि दुरुस्ती एकाच छपराखाली असलेल्या या दुकानातून पुढे नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे निघाली, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नंतरच्या पिढ्यांत लग्नातल्या देण्याघेण्यात घड्याळ, सायकल आणि ट्रान्झिस्टर या तीन वस्तू ठरलेल्या असत. घड्याळ पुष्कळदा एचएमटीचे असे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळूरात त्याचे उत्पादन सुरू झाले होते आणि त्याला रोज किल्ली देण्यापलीकडे काही लागत नसे. आजच्या गॅजेटला बरेच काही लागते, म्हणून त्याची निवड अधिक विचारपूर्वक करावी लागते.

आधी चार्जिंगचे पाहावे. ॲपलने २०२० मध्ये फोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला आणि पाठोपाठ इतर काही कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. त्यामुळे हजारोंचा फोन जुन्या, हळू चार्जरवर रात्रभर लटकत असल्याचे दृश्य घरोघरी दिसते. त्यातच यूएसबी-सी या एकाच आकाराच्या तोंडामागे अनेक प्रकार दडलेले आहेत. हे तोंड २०१४ मध्ये ठरले. भारतीय मानक ब्यूरोने त्याचे मानक जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅब्लेट, इअरबड अशा वस्तूंना ते सक्तीचे केले. तोंड एक झाले तरी क्षमता एक झालेली नाही. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॅट वाहून नेते. त्यापुढे ५ अँपिअरसाठी केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप असावी लागते. अशा केबलवर १०० वॅट, आणि २०२१ च्या सुधारित मानकानुसार बनवलेल्या केबलवर २४० वॅटपर्यंत वीज जाते. माहिती वाहून नेण्याचा वेग ही वेगळीच बाब. चार्जिंगसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक केबल जुन्या यूएसबी २.० च्याच, सेकंदाला ४८० मेगाबिटच्या असतात. लग्नाचे व्हिडिओ फोनवरून लॅपटॉपवर घेताना तास का लागतो, याचे उत्तर अनेकदा त्या केबलमध्ये असते.

म्हणून ६५ वॅटचा एक चांगला चार्जर आणि चिप असलेली एक चांगली केबल ही जोडी गॅजेटवेड्याला सहसा आवडते. नव्या छोट्या चार्जरांवर ‘गॅन’ असे लिहिलेले असते. त्यात सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइड वापरलेले असते. ते जास्त वेगाने चालू-बंद होते आणि कमी तापते, त्यामुळे आतली कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर लहान करता येतात. घेताना दोन गोष्टी खोक्यावर वाचाव्यात. दोन तोंडे एकाच वेळी वापरली की वीज कशी विभागली जाते हे बारीक अक्षरात दिलेले असते. ६५ वॅटचा चार्जर अशा वेळी ४५ आणि २० वॅट असा वाटला जाऊ शकतो. दुसरी गोष्ट फोनची. काही चिनी कंपन्यांचे अतिवेगवान चार्जिंग त्यांच्याच चार्जर-केबलवर चालते, इतर चार्जरवर तो फोन साध्या वेगाने भरतो. सॅमसंगच्या वेगवान चार्जिंगला चार्जरमध्ये पीपीएस ही सोय असावी लागते. भेट घेण्याआधी फोनचे नाव कुणाला तरी गुपचूप विचारून घेणे एवढ्यासाठीच.

पॉवर बँक ही दिवाळीत सर्वाधिक वाटली जाणारी आणि सर्वाधिक गैरसमज असलेली वस्तू. खोक्यावर ठळक छापलेला १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा असतो. तो सेल सरासरी ३.७ व्होल्टचा, म्हणजे साठवलेली ऊर्जा ३७ वॅट-तास. फोनला वीज देताना ती ५ व्होल्टवर चढवावी लागते आणि त्यात काही वाया जाते, त्यामुळे हाती ६,००० ते ६,५०० एमएएचच येतात. ५,००० एमएएचचा फोन तिच्यावर एकदा पूर्ण आणि वर थोडासा भरतो, दोनदा भरत नाही. प्रामाणिक कंपनी हा दुसरा आकडाही ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून छापते. तो छापलेलाच नसेल तर वस्तू परत ठेवावी. विमानाने जाणाऱ्यासाठी आणखी एक हिशेब आहे. कोल्हापूरच्या उजळाईवाडी किंवा बेळगावच्या सांबरा विमानतळावरून निघणाऱ्या प्रवाशाला पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, आणि १०० वॅट-तासांपर्यंतच ती विनापरवानगी चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची, म्हणजे नियमात बसणारी. ३०,००० ची १११ वॅट-तासांची, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. मुंबई-बेंगळूरला नोकरीला असलेल्या मुलाला मोठ्यात मोठी पॉवर बँक घेऊन देण्यात म्हणून फारसा अर्थ नाही.

लाईट जाण्याच्या गावात याहून उपयोगी पडते ती राउटरची छोटी यूपीएस. घरात इन्व्हर्टर नसला तरी फोनमध्ये चार्ज असतो, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते; अडते ते फक्त वायफाय, कारण भिंतीवरचा राउटर विजेशिवाय क्षणभर चालत नाही. पुस्तकाएवढा हा डबा राउटरला काही तास चालू ठेवतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ व्होल्टचे. चुकीचा जोडला तर राउटर जळू शकतो. फायबरचे कनेक्शन असेल आणि भिंतीवर फायबरचा वेगळा डबा असेल तर दोघांनाही वीज लागते, म्हणून दोन तोंडांची यूपीएस घ्यावी. घरून काम करणाऱ्या किंवा ऑनलाइन परीक्षा देणाऱ्याच्या घरात तिचा उपयोग पहिल्याच आठवड्यात कळतो.

उसाच्या पट्ट्यातला गॅजेटवेडा मात्र पुष्कळदा शेतकरीच असतो, आणि त्याच्यासाठी या सगळ्यापेक्षा वेगळी यादी लागते. मोटारीला थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि तिची पाळी अनेकदा रात्री असते. सदलग्याच्या बाजूला वीज हेस्कॉमची, सीमेपलीकडे महावितरणची. वेळापत्रके वेगळी, रात्रीची पायपीट सारखीच. या पायपिटीवर तोडगा काढणारे एक गॅजेट मराठी मुलखातच तयार झाले. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ओशियन ॲग्रो ऑटोमेशन कंपनीचे ‘नॅनो गणेश’ हे यंत्र मोटारीच्या स्टार्टरला जोडतात. शेतकरी घरूनच फोन लावून मोटार चालू-बंद करतो आणि रानात लाईट आहे की नाही हेही त्याला फोनवरच कळते. २००९ मध्ये या यंत्राला नोकिया कंपनीच्या ‘कॉलिंग ऑल इनोव्हेटर्स’ या जागतिक स्पर्धेत पुरस्कार मिळाला. आज अनेक कंपन्या असे मोबाईल स्टार्टर बनवतात. फेज गेली, मोटार कोरडी चालली किंवा व्होल्टेज पडले तर ती आपोआप बंद करण्याची सोयही त्यांत असते.

मोबाईल स्टार्टर भेट देताना एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे सिमकार्ड. जुन्या आणि स्वस्त स्टार्टरमधला मोडेम फक्त टूजी नेटवर्कवर चालतो. जिओचे नेटवर्क २०१६ मध्ये सुरू झाले तेच फोरजीवर. त्याला टूजी नाहीच. अशा स्टार्टरमध्ये जिओचे सिम घातले तर यंत्र कितीही चांगले असो, मुके राहते. नवे फोरजी स्टार्टर थोडे महाग पडतात, पण टिकाऊ निवड तीच. त्याआधी रानात विहिरीपाशी कोणत्या कंपनीची रेंज येते हे फोन हातात घेऊन पाहून यावे, कारण नदीकाठच्या रानात कधी अलीकडचा टॉवर लागतो, कधी पलीकडचा. भेटीबरोबर वर्षाचे रिचार्जही करून दिले तर सोन्याहून पिवळे.

रात्री पाणी पाजायला जाणाऱ्याला दुसरी गरज चांगल्या बॅटरीची, म्हणजे टॉर्चची. डोक्याला लावायची बॅटरी दोन्ही हात मोकळे ठेवते, आणि उसात घोणस दिसायला हवी असेल तर उजेड पायापुढे पडायला हवा. बॅटरीची ताकद वॅटमध्ये मोजू नये; प्रकाश ल्यूमेनमध्ये मोजतात, आणि त्याहीपेक्षा तो किती तास टिकतो हे महत्त्वाचे. बाजारात २०,००० ल्यूमेन असे छापलेल्या स्वस्त बॅटऱ्या मिळतात. त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. सेल बदलता येणारी बॅटरी जास्त वर्षे चालते. तिच्यातला सेल बहुधा १८६५० नावाचा असतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या आकाराच्या उत्तम सेलची क्षमताही ३,६०० एमएएचच्या आसपास संपते. ९,९०० एमएएच छापलेला सेल खोटा असतो, हे तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. धूळ-पाण्यापासूनचा बचाव आयपी अंकांनी सांगतात: पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी वस्तू टिकते. आयपीएक्स४ म्हणजे नुसते शिंतोडे सोसणारी. तिथे ‘एक्स’ आहे, याचा अर्थ धुळीची चाचणीच झालेली नाही. साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. ऊसतोडीच्या धुळीत वावरणाऱ्याला आयपीएक्स४ चे इअरबड दिले तर ते फार काळ टिकणार नाहीत.

आईवडिलांसाठी स्मार्टवॉच घेण्याची चाल अलीकडे वाढली आहे. चाललेली पावले आणि नाडीचे ठोके मोजायला ते ठीक, पण त्याला डॉक्टर समजू नये. मनगटावरून रक्तातली साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे सर्रास विकली जातात. सुई न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. मधुमेही माणसाने असल्या आकड्यावर इन्सुलिन ठरवले तर जिवावर बेतू शकते. रक्तदाबासाठी दंडाला बांधायचे साधे डिजिटल यंत्र अधिक भरवशाचे आणि बहुधा स्वस्तही.

घड्याळाच्या पट्ट्याचेही पाहावे लागते. सदलगा हे आचार्य विद्यासागर महाराजांचे जन्मगाव. १९४६ मध्ये ते इथे जन्मले. या परिसरात जैन शेतकरी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि दिवाळी त्यांच्यासाठी भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस आहे. अशा घरात चामड्याच्या पट्ट्याचे घड्याळ, चामड्याचे फोन कव्हर किंवा तसेच आवरण असलेला हेडफोन नेणे बरे दिसत नाही. सिलिकॉन, नायलॉन किंवा धातूचा पट्टा सहज मिळतो. महागड्या मॉडेलबरोबर येणारा पट्टा कशाचा आहे, हे मात्र खोके उघडण्याआधी विचारावे.

मुलांच्या बाबतीत स्क्रीन असलेल्या वस्तूपेक्षा हाताने जोडायची वस्तू अधिक दिवस पुरते. २०० ते ३०० रुपयांत मिळणारा साधा मल्टिमीटर, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, ब्रेडबोर्ड, मूठभर एलईडी आणि रेझिस्टर एवढ्यावर आठवी-नववीच्या मुलाची सुटी भरून जाते. पुढची पायरी आर्डुइनोची. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावात विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला हा छोटा बोर्ड संगणकावर लिहिलेल्या सूचनांप्रमाणे दिवे, मोटर, सेन्सर चालवतो. मातीतली ओल मोजून बझर वाजवणारे यंत्र त्यावर दोन दिवसांत होते, आणि उसाच्या घरात त्याचे कौतुकही होते. हे सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा बेंगळूरच्या एस. पी. रोडवर एका फेरीत मिळतात. कुणी नातेवाईक तिकडे असेल तर यादी पाठवावी. किटबरोबर पहिल्या दिवशी शेजारी बसणारा मोठा माणूस मिळाला नाही, तर तो किट कपाटात जातो. १८८८ च्या बेळगावातली सायकल आपोआप चालत नव्हती, तसेच हे. चौदा वर्षांखालच्या मुलांची विजेची खेळणी घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचे आहे.

भाषेचा मुद्दा सीमाभागात दुप्पट महत्त्वाचा. बोलून चालवायचे स्मार्ट स्पीकर घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घेतले जातात, पण ॲमेझॉनच्या अलेक्साला हिंदी आली तीच २०१९ मध्ये. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आजीला गाणे लावण्यासाठी हिंदी जुळवावी लागली तर तो स्पीकर नातवंडांचा होतो. फोनवरचा गूगल असिस्टंट २०१८ पासून मराठी समजतो, म्हणून आजीला स्पीकरपेक्षा फोनवरची ती सोय लावून देणे अधिक कामाचे. वाचायची आवड असून नजर साथ देत नसेल तर बोलत्या पुस्तकांची वर्गणी ही सुंदर भेट आहे. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आले ते मराठी पुस्तके घेऊनच.

साठवणीच्या वस्तूंत फसवणूक सर्वाधिक. काहीशे रुपयांत २ टेराबाइटचा पेनड्राइव्ह कुणी देत असेल तर तो खोटाच असतो. त्यातली चिप संगणकाला मोठा आकडा सांगते, आणि खरी जागा भरली की पुढचे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा नाहीसे होतात. मेमरी कार्डवर व्ही३० असे असेल तर ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट वेगाने लिहू शकते. फोरके चित्रणाला तेवढे पुरते. गोठ्यात किंवा रानातल्या कॅमेऱ्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेले कार्ड लागते, कारण त्यावर दिवसरात्र लिहिणे चालू असते.

कुठे घ्यावे, याचा विचार सीमाभागात पूर्वी कराच्या दराने ठरत असे. दोन राज्यांचे व्हॅट वेगळे, मधे कोगनोळीचा नाका. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून निपाणी आणि इचलकरंजीत एकाच वस्तूवर एकच कर लागतो, त्यामुळे निवड आता दुरुस्तीच्या सोयीवर करावी: त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे की बेळगावात, आणि भेट घेणाऱ्याला त्यातले कोणते जवळ. तक्रारीची वेळ आलीच तर राज्य वेगळे असल्याने अडत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकतो. कोल्हापुरात घेतलेल्या टीव्हीची तक्रार सदलग्याचा माणूस बेळगावात करू शकतो, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करून पाहावा.

खोके हातात आले की दोन गोष्टी शोधाव्यात. चार्जर, पॉवर बँक, स्मार्टवॉच, फोन अशा वस्तूंवर मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचे नाव समोर येते. आयात केलेल्या मालावर एमआरपी, मूळ देश आणि आयातदाराचा पत्ता छापणे कायद्याने बंधनकारक आहे. यातले काही नसेल तर माल मागल्या दाराने आलेला. वापरलेला फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढावा आणि ‘केवायएम’ हे इंग्रजी अक्षरांत लिहून, पुढे तो क्रमांक जोडून १४४२२ ला संदेश पाठवावा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळते.

ऑनलाइन सेलमध्ये एक अडचण तारखांची येते. सेल दसऱ्याला, भाऊबीज त्यानंतर तीन आठवड्यांनी, आणि बदलून देण्याची मुदत बहुधा सातच दिवसांची. भेटीचे खोके सीलबंद ठेवणे छान दिसते, पण आतली वस्तू बिघडलेली निघाली तर मुदत संपलेली असते. म्हणून वस्तू आल्यावर उघडून, चालवून पाहून, पुन्हा नीट बांधून ठेवावी. आपल्याकडे भेटवस्तूवरची किंमत खोडायची पद्धत आहे. बिल मात्र फाडू नये, वेगळ्या पाकिटात घालून द्यावे. वॉरंटी त्याच कागदावर असते.

परदेशातल्या मराठी कुटुंबांकडून येणाऱ्या भेटींना वेगळे नियम लागतात. भारतातली वीज २३० व्होल्टची, अमेरिकेतली १२० व्होल्टची. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते, त्यामुळे ते दोन्हीकडे चालतात. तिकडचा मिक्सर किंवा हेअर ड्रायर इथे लावताच जळतो. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन १४ आणि त्यापुढचे फोन सिमकार्डची खाच नसलेले, फक्त ई-सिमचे असतात. गावातल्या काकांना रानातल्या साध्या फोनमधले सिम काढून त्यात घालायची सवय असेल तर असा फोन त्यांच्या उपयोगाचा नाही. पार्सल ‘भेट’ म्हणून पाठवून कर वाचवण्याची सोय डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली; राखी आणि जीवरक्षक औषधे एवढाच अपवाद राहिला, बाकी भेटींवर पूर्ण शुल्क भरावे लागते. प्रवाशाने स्वतःबरोबर आणलेल्या वस्तूंना ठरावीक किमतीपर्यंत माफी असते, आणि अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप त्याशिवाय शुल्काविना आणता येतो.

काही वस्तू आणूच नयेत. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. इथला २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, पण कुठे उडवता येईल हे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर पाहावे लागते. सांबऱ्याच्या विमानतळाजवळ तो उडवता येणार नाही. डोंगरात हिंडणाऱ्यांसाठी परदेशात मिळणारी उपग्रह संदेशयंत्रे भारतात परवानगीविना बाळगणे गुन्हा आहे. आणि ई-सिगारेट २०१९ च्या कायद्याने पूर्ण बंद आहे: बनवणे, विकणे, आणणे, साठवणे, सगळेच. निपाणीच्या तंबाखूच्या मुलखात हा कायदा जरा गमतीचा वाटेल, पण विमानतळावर तो गमतीने घेतला जात नाही.

इतके पाहूनही ठरत नसेल तर पाकीट आहेच. ओवाळणीच्या तबकात पैसे टाकण्याची रीत गॅजेटवेड्याला सर्वांत सोयीची, कारण तो ते आपल्या ठरलेल्या वस्तूकडे वळवतो. बँकेचे गिफ्ट कार्ड घेतले तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते १०,००० रुपयांपर्यंतचेच असते आणि त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत. एखाद्या दुकानाच्या कार्डापेक्षा रोख बरी, कारण कार्ड त्या दुकानाशी बांधून घालते.

नवे आले की जुने घरातच कुणाकडे तरी जाते, आणि तिथेही थोडी तयारी लागते. अँड्रॉइड फोन धाकट्या भावाला देण्याआधी त्यातले गूगल खाते काढून मगच रिसेट करावा. तसे न करता बटणे दाबून रिसेट केला तर फोन पुन्हा चालू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि तो आठवेपर्यंत अडून बसतो. आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ आधी बंद करावे लागते. फुगलेली पॉवर बँक किंवा बॅटरी कुणाला देऊ नये, टोचू नये, पुन्हा चार्जिंगला लावू नये आणि घंटागाडीतही टाकू नये. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावी. २०२२ च्या ई-कचरा आणि बॅटरी कचरा नियमांनी अशा वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.